एकटा 'रन', अर्थ ६४५

'रन' म्हणजे धावणे, हे इंग्रजीची पहिली इयत्ता शिकणारं पोरही सांगेल. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचं मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथे 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदलेले आहेत. क्रिकेटमधला रन आणि बँकेवर पैसे काढायला उडणारी झुंबड, म्हणजे 'रन', ही नामं यात धरलेलीच नाहीत. ही नोंद नव्याने लिहायचं काम पीटर गिलिव्हर या कोशकाराकडे होतं. त्याचे त्यात नऊ महिने गेले. १९८९च्या वीस खंडांच्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंदीचा मान 'सेट'कडे होता. त्याचे अर्थ ४३० आणि नोंद सुमारे ६०,००० शब्दांची. पुढे कोशाची फेरतपासणी सुरू झाल्यावर २००० साली 'मेक'ने, २००७ साली 'पुट'ने आणि २०११ साली 'रन'ने हा मान पटकावला.

या यादीतले शब्द पाहा. सगळे एकाच उच्चारखंडाचे (सिलॅबलचे), तीन-चार अक्षरांचे, बालवाडीत शिकवले जाणारे. अवघड, भारदस्त शब्द त्यात एकही नाही.

इतके अर्थ येतात कुठून? कोणी बसून ठरवत नाही. एका अर्थातून दुसरा फुटतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि प्रत्येक उडी अगदी लहान असते. माणूस पायांनी धावतो, तसं पाणीही 'रन' होतं. हा अर्थ फार जुना आहे. जर्मनमधला या शब्दाचा भाऊबंद 'रिनेन' आजही वाहणे, ठिबकणे याच अर्थाने वापरतात. पाणी आलं की नळ आला, सर्दीत गळणारं नाक आलं, धुण्यात एका कपड्याचा दुसऱ्याला लागणारा रंग आला. मग जे हलतच नाही तेही धावायला लागलं. रस्ता नदीच्या कडेने 'रन' होतो, म्हणजे रस्ता जागेवरच असतो, त्यावरून धावते ती आपली नजर. पुढे जागेवरून काळावर उडी: नाटक सहा महिने 'रन' होतं, भाडेकरार तीन वर्षं. यंत्रं आली तशी तीही 'रन' होऊ लागली. यंत्र स्वतः 'रन' होतं आणि माणूस ते 'रन' करतो, म्हणून माणूस कारखाना 'रन' करू लागला, मग हॉटेल, मग सरकार. आणि शेवटी संगणकावरचा प्रोग्रॅम. पहिल्या टोकाला पळणारा घोडा आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर, पण मधली एकही पायरी धक्का बसावा अशी नाही.

आपल्याकडे हा सगळा भार 'धावणे'वर पडला नाही, 'चालणे'वर पडला. दुकान चालतं, घड्याळ चालतं, संसार चालतो, फाटकी नोट चालत नाही, सकाळपासून डोकं चालत नाही, आणि चहाऐवजी कॉफी असेल तर चालेल. इंग्रजांची यंत्रं धावतात, आपली चालतात; काम तेवढंच करतात. निवडणुकीची तर आणखी गंमत आहे. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमधला 'स्टँड' करतो. आपलाही आधी उभाच राहतो, मग लढवतो, आणि वेळ आली की बसतोसुद्धा.

एका शब्दाला एकमेकांशी नातं असलेले अनेक अर्थ असणं, याला भाषाविज्ञानात 'पॉलिसेमी' म्हणतात. आपण त्याला बहुअर्थता म्हणू. ही संज्ञा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली रूढ केली. याच ब्रेआलसाहेबांनी त्याआधी आणखी एक उद्योग केला होता. अथेन्सच्या १८९६च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन ते अथेन्स अशी धावण्याची शर्यत ठेवा, ही कल्पना त्यांची, आणि विजेत्यासाठी चांदीचा चषकही त्यांनीच दिला. तो स्पिरिडॉन लुईस या ग्रीक धावपटूने जिंकला. 'रन'वरच्या लेखात याहून समर्पक माणूस सापडणं कठीण!

आता खरा प्रश्न. ६४५ अर्थांचा शब्द कानावर पडला की मेंदू गोंधळत कसा नाही? आपल्याला वाटतं, संदर्भ असतो ना, त्यावरून नेमका अर्थ कळतो. डेव्हिड स्विनी या संशोधकाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्र जरा वेगळं निघालं. त्याने निवडलेला एक शब्द होता 'बग'. त्याचा एक अर्थ किडा, दुसरा चोरून ऐकण्यासाठी लपवलेला मायक्रोफोन. श्रोत्यांना वाक्य ऐकवलं: त्या माणसाला खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर 'बग' सापडले. 'बग' कानावर पडताक्षणी समोरच्या पडद्यावर एक अक्षरमाला यायची, आणि तो खरा शब्द आहे की निरर्थक जुळणी, हे बटण दाबून सांगायचं. पडद्यावर 'मुंगी' आली तर उत्तर चटकन यायचं, ते ठीकच. पण 'हेर' आला तरी उत्तर तितकंच चटकन यायचं. असंबद्ध शब्दाला, समजा 'शिवणे'ला, जास्त वेळ लागायचा. म्हणजे कोळी-झुरळांची नावं नुकतीच ऐकूनही मेंदूने हेरगिरीचा अर्थ क्षणभर उघडलाच होता. हाच पडदा तीन उच्चारखंडांनंतर, म्हणजे सेकंदभराच्या आतच, दाखवला तेव्हा फक्त 'मुंगी' जलद उरली. 'हेर' केव्हाच बाद झाला होता. आणि या सगळ्याचा पत्ता ऐकणाऱ्याला अजिबात नसतो.

पुढच्या संशोधनाने यात थोडी दुरुस्ती केली. एक अर्थ खूपच रुळलेला असेल आणि संदर्भही जोरदार असेल, तर दुसरा अर्थ फारसा डोकं वर काढत नाही. पण मुद्दा टिकला: संदर्भ दारावर उभा राहून एकाच अर्थाला आत सोडतो असं नाही, बरेचदा आत आलेल्यांना तो बाहेर काढतो.

इथे दोन प्रकारचे शब्द वेगळे करायला हवेत. 'बार्क' म्हणजे कुत्र्याचं भुंकणं आणि झाडाची सालही. या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, उच्चार योगायोगाने सारखा. 'रन'चे अर्थ मात्र एकाच घरातले. जेनी रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं की 'बार्क'सारखे शब्द ओळखायला वाचकाला थोडा जास्त वेळ लागतो, आणि नातं असलेले भरपूर अर्थ असणारे शब्द उलट लवकर ओळखले जातात. परक्या अर्थांची आपसात ओढाताण होते, सग्यासोयऱ्यांचा हातभार लागतो. त्यामुळे ६४५ हा आकडा मेंदूवरचं ओझं आहे असं म्हणताच येत नाही.

उलट ती काटकसर असावी. हार्वर्डच्या जॉर्ज झिफ यांनी १९४५ साली मांडलं की शब्दाच्या अर्थांची संख्या साधारणपणे त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. शंभरपट जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दाचे अर्थ सुमारे दहापट. २०१२ साली पियांटाडोसी, टिली आणि गिब्सन यांनी इंग्रजी, जर्मन आणि डच शब्द तपासले. आखूड, वारंवार येणारे, उच्चारायला सोपे शब्दच जास्त अर्थ वाहतात, असं त्यांना आढळलं. त्यांचं म्हणणं सरळ आहे: नेमका अर्थ संदर्भातून कळणारच असेल, तर प्रत्येक अर्थासाठी नवा लांबलचक शब्द घडवायची गरज काय? मला हा युक्तिवाद पटतो. भाषेतली संदिग्धता हा दोष मानून ती काढून टाकायचे मनसुबे अनेकांनी रचले, पण अशी निर्दोष भाषा रोज बोलायची झाली तर जीभ थकेल.

समानार्थी शब्दांची गोष्ट बरोबर उलटी. तिथे अर्थ एक आणि शब्द पुष्कळ, पण भाषेला ही चैन फार काळ परवडत नाही. 'रन'च्या आसपास 'स्प्रिंट', 'जॉग', 'बोल्ट', 'स्करी' असे शब्द आहेत, पण अदलाबदल करून पाहा: शंभर मीटरची शर्यत कोणी 'जॉग' करत नाही, आणि 'स्करी' करावं ते उंदराने. पीटर मार्क रॉजेट या डॉक्टरांनी १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आपला प्रसिद्ध थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थांच्या शब्दांचा कोश, छापला, तो अर्थांच्या वर्गवारीने. शेजारी ठेवलेले शब्द एकच आहेत असा त्याचा अर्थ नाही. त्यांतून निवड करायची असते. शाळेतल्या 'समानार्थी शब्द लिहा'ने आपली थोडी फसगतच केली आहे.

शब्दाचा नेमका अर्थ ओळखण्यात यंत्रांची बराच काळ दाणादाण उडाली. १९६० साली यांत्रिक भाषांतराचे अभ्यासक येहोशुआ बार-हिलेल यांनी एक साधं वाक्य पुढे केलं: खेळण्यांची पेटी 'पेन'मध्ये होती. इथे 'पेन' म्हणजे लेखणी नव्हे, लहान मुलाला खेळायला ठेवायचं कुंपण. लेखणीत पेटी मावत नाही हे कळायला जगाचं ज्ञान लागतं, आणि ते यंत्राकडे येईल असं त्यांना वाटत नव्हतं. पुढे संगणक शब्दाचा अर्थ आकड्यांच्या माळेत मांडू लागला, पण २०१३च्या सुमारास गाजलेल्या पद्धतीतही एका शब्दाला आकड्यांची एकच माळ मिळायची, मग 'बँक' म्हणजे नदीचा काठ असो की पैशांची बँक. २०१८मध्ये आलेल्या गूगलच्या 'बर्ट'सारख्या भाषा हाताळणाऱ्या संगणकीय प्रारूपांनी वाक्यागणिक वेगळी माळ द्यायला सुरुवात केली. तिथे अर्थांची ठरावीक यादीच नाही, जितकी वाक्यं तितक्या छटा.

मग ६४५ हा आकडा तरी कितपत खरा? प्रिन्स्टन विद्यापीठाच्या 'वर्डनेट' या संगणकीय कोशात 'रन' क्रियापदाचे अर्थ फक्त ४१ आहेत. दोन्ही कोश प्रामाणिकपणे केलेले, फरक आहे तो रेघ कुठे मारायची याचा. नाक गळणं आणि नळ वाहणं हा एक अर्थ की दोन? 'वर्डनेट'चे बारीक भेद हातात देऊन माणसांना वाक्यातल्या शब्दाचा कोणता अर्थ आहे याच्या खुणा करायला बसवलं, तेव्हा शिकलेसवरलेले लोकही आपसात सहमत होईनात. म्हणून 'ऑन्टोनोट्स' नावाच्या प्रकल्पाने २००६ साली वेगळा मार्ग धरला. खुणा करणाऱ्यांचं ९० टक्के एकमत होईपर्यंत ते जवळचे अर्थ एकमेकांत मिसळत गेले.