सायकॉलॉजिस्ट थेरपी करायला लागले ते कसे?

थेरपी म्हटलं की फ्रॉइड आणि व्हिएन्नामधला त्याचा तो पेशंटला आडवं करायचा सोफा आठवतो, पण क्लिनिकल सायकॉलॉजीची, म्हणजे सायकॉलॉजी वापरून माणसाची अडचण तपासायची आणि त्याला मदत करायची, सुरुवात झाली अमेरिकेत, शाळेतल्या एका पोरापासून. १८९६ साली फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत लाइटनर विटमर शिकवत होता, जर्मनीत प्रायोगिक सायकॉलॉजीचा जनक मानल्या जाणाऱ्या वुंटच्या हाताखाली तयार झालेला पक्का लॅबवाला माणूस. एक शिक्षिका एका मुलाला घेऊन त्याच्याकडे आली, पोरगा एरवी बरा पण स्पेलिंग काही केल्या जमेना. विटमरने तपासलं तर डोळ्यांत दोष निघाला, मग चष्मा लावला आणि वर वेगळी शिकवणीही घेतली. त्याच वर्षी त्याने सायकॉलॉजीचं पहिलं क्लिनिक काढलं आणि १९०७ मध्ये या कामाला क्लिनिकल सायकॉलॉजी हे नाव दिलं. मला ही केस फार आवडते, कारण मुलाला ‘ढ’ ठरवून मोकळं न होता आधी नीट बघितलं गेलं.

पण पुढची चाळीसेक वर्षं सायकॉलॉजिस्टच्या वाट्याला मुख्यतः टेस्टिंगच आलं. थेरपी डॉक्टरांची, आणि अमेरिकेतले सायकोअ‍ॅनालिस्ट, म्हणजे फ्रॉइडच्या पद्धतीने थेरपी करणारे, तर एमडी नसलेल्याला आत घ्यायलाच तयार नव्हते, फ्रॉइडचं स्वतःचं मत उलटं असूनसुद्धा. चित्र बदललं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. मनाने मोडलेले इतके सैनिक परत आले की सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनाचे एमडी डॉक्टर, पुरेनात, मग माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने युनिव्हर्सिट्यांना पैसा देऊन सायकॉलॉजिस्ट तयार करायला घेतले आणि १९४९ ला बोल्डरच्या परिषदेत ठरलं की यांना रिसर्चही यायला हवा आणि पेशंटही बघता यायला हवा.

आणि लगेच १९५२ मध्ये लंडनच्या हान्स आयझेंक या सायकॉलॉजिस्टने बॉम्ब टाकला, की न्यूरोटिक, म्हणजे चिंता, भीती अशा त्रासाच्या, पेशंटपैकी दोनतृतीयांश लोक थेरपीशिवायही साधारण दोन वर्षांत सुधारतात, मग तुमच्या थेरपीने होतं काय? त्याच्या आकडेमोडीवर भरपूर टीका झाली आणि ती रास्तही होती, पण प्रश्न विचारला ते उत्तम झालं असं मला मनापासून वाटतं, कारण त्यानंतर ‘आमचा अनुभव आहे’ एवढ्यावर भागेना. १९७७ मध्ये स्मिथ आणि ग्लासने ३७५ अभ्यास एकत्र करून दाखवलं की थेरपी घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या अवस्थेत असतो.

मधल्या काळात पद्धतीही बदलत गेल्या. अमेरिकन सायकॉलॉजिस्ट कार्ल रॉजर्सने सेशन रेकॉर्ड करून १९४२ मध्ये एक अख्खी केस शब्दन् शब्द छापली, म्हणजे बंद दाराआड काय चालतं ते पहिल्यांदा लोकांना वाचता आलं. एरन बेक मूळचा सायकोअ‍ॅनालिस्ट, डिप्रेशन म्हणजे आत वळलेला राग हे फ्रॉइडचं म्हणणं सिद्ध करायला तो पेशंटची स्वप्नं तपासत बसला, तर रागाऐवजी सापडलं अपयश, गमावणं, ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’. आपलं गृहीतक फसलं हे त्याने मान्य केलं आणि तिथून कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे पेशंटचे चुकीचे विचार तपासून बदलायची पद्धत, उभी राहिली. त्याच्या थोडं आधी, १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने अविवेकी विचारांना आव्हान देणारी थेरपी आणली होती, जिला आज आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) म्हणतात, आणि ती मुंबईत रुजवली ती प्रा. कि. मो. फडक्यांनी, एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून.

आपल्याकडे कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच सायकोअ‍ॅनालिसिसची संस्था काढली होती, पण क्लिनिकल सायकॉलॉजीचं रीतसर ट्रेनिंग १९५५ ला बंगळुरूत सुरू झालं, आजच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या पूर्वीच्या संस्थेत. आणि १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आली. तेव्हा कोणाकडे जायच्या आधी आरसीआय नंबर बिनधास्त विचारा, ज्याच्याकडे तो आहे त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.