आफ्रिकेत सॉफ्टवेअर, ॲप किंवा ऑनलाइन क्लास विकताय? ॲग्रीमेंटवर सही करायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

हल्ली आमच्याकडे एक फोन सारखा येतो, "आफ्रिकेतून ऑर्डर आलीय, इनव्हॉइस कसं काढायचं?" कोणाचं शाळेचं सॉफ्टवेअर असतं, कोणाचं दवाखान्याचं बिलिंग, कोणी झूमवर गणिताचे क्लास घेतं. आम्ही आधी उलट विचारतो, आफ्रिकेतून म्हणजे नक्की कुठून? कारण तिथे ५४ देश आहेत आणि इंटरनेटवरून काही विकायचं म्हटलं की टॅक्स, डेटा, बँक सगळ्यांचे नियम देशागणिक वेगळे, केनियात नैरोबीला जे चालतं ते रवांडात किगालीला चालेलच असं नाही. इनव्हॉइस हा शेवटचा प्रश्न आहे, त्याआधी तीन प्रश्न सुटायला पाहिजेत: पैसा तिथून बाहेर कसा पडणार, लोकांचा डेटा कुठे राहणार आणि टॅक्स कोण भरणार. बहुतेक जण तिसऱ्यापासून सुरुवात करतात. आमचा अनुभव असा की नुकसान पहिल्यात होतं, म्हणून आम्ही पण तिथूनच सुरू करतोय.

आमच्या एका नाशिकच्या ग्राहकाचं उदाहरण सांगतो. २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी नायजेरियातल्या लागोसच्या एका शाळेला सॉफ्टवेअरचं वर्षाचं लायसन्स दिलं, ट्रेनिंग दिलं, सगळं चालू झालं, शाळा खूश. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा तिथल्या बँकेने विचारलं, नोटॅपचं सर्टिफिकेट कुठंय? आणि दोन्हीकडच्या लोकांना हा शब्दच माहीत नव्हता.

तर नोटॅप म्हणजे नॅशनल ऑफिस फॉर टेक्नॉलॉजी ॲक्विझिशन अँड प्रमोशन, नायजेरियाचं सरकारी ऑफिस. १९७९ च्या कायद्याने असं ठरलंय की परदेशी कंपनीकडून सॉफ्टवेअर लायसन्स, तांत्रिक मदत, ट्रेडमार्क असं काही घेतलं तर ते ॲग्रीमेंट सही झाल्यापासून ६० दिवसांत तिथे नोंदवायचं, आणि नोंद नसेल तर बँकेतून त्या ॲग्रीमेंटचे पैसे अधिकृतपणे परदेशात पाठवता येत नाहीत. अर्ज तिथल्या पार्टीला करावा लागतो, तुम्ही इथे बसून करू शकत नाही. म्हणजे जो तुम्हाला पैसे देणार त्याच्याच हातात ही चावी, आणि त्याला माहीत नसेल किंवा त्याने कंटाळा केला तर तुमचं पेमेंट अडकलं.

नाशिकवाल्यांचं अडकलं, आणि नेमकं त्याच वर्षी जूनमध्ये नायजेरियाने नायराचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, दर मोकळा सोडला. आधी एका डॉलरला साधारण ४७० नायरा लागायचे, काही दिवसांतच ७०० च्या वर गेले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत १,५०० च्या पुढे. शाळेचा पैसा नायरात पडून होता आणि इनव्हॉइस डॉलरमध्ये, त्यामुळे तीच रक्कम शाळेला तिप्पट महाग पडायला लागली. शेवटी आमच्या ग्राहकाला रक्कम कमी करून घ्यावी लागली. शाळेचा हेतू वाईट नव्हता, कागद वेळेवर झाला नाही एवढंच, पण तोटा खरा होता.

आणि ह्याचं दुसरं टोक इथे भारतात लागतं, ते फार कोणी लक्षात घेत नाही. तुम्ही एलयूटी, म्हणजे सरकारला हमीपत्र, देऊन जीएसटी न भरता सेवा एक्स्पोर्ट करता, तर इनव्हॉइसच्या तारखेपासून ठरलेल्या मुदतीत परकीय चलन तुमच्या खात्यात यायला हवं, नाही आलं तर जीएसटी व्याजासकट भरायची पाळी येते. म्हणजे पैसा नायजेरियाच्या सरकारी कागदांत अडकलाय आणि १८ टक्के तुम्ही पुण्यात भरताय. म्हणून नायजेरियासाठी आम्ही प्रत्येक ॲग्रीमेंटमध्ये एक कलम टाकायलाच लावतो: नोटॅपची नोंदणी ग्राहकाने ६० दिवसांत करायची, तिची पावती पाठवायची आणि पावती आल्यावरच पूर्ण ॲक्सेस सुरू होणार.

छोटी सबस्क्रिप्शन विकणाऱ्यांचा प्रॉब्लेम वेगळा आहे. २०२२ मध्ये नायजेरियातल्या कित्येक बँकांनी नायरा कार्डावर परदेशी खर्चाची मर्यादा महिन्याला २० डॉलरवर आणली आणि वर्ष संपेपर्यंत बऱ्याच बँकांनी ती सोयच बंद केली. तुमचं ॲप महिना १५ डॉलरचं असेल तर माणसाने तुमचं आणि अजून एखादं ॲप घेतलं की कार्ड फेल. २०२५ मध्ये बँकांनी हे परत सुरू करायला घेतलं, पण धडा राहतोच की कार्डावर पूर्ण धंदा टाकू नका. पूर्व आफ्रिकेत तर लोक कार्डापेक्षा मोबाइल मनी, म्हणजे मोबाइल नंबरवरच्या खात्यातला पैसा, वापरतात, केनियात एम-पेसा २००७ पासून आहे, आपलं यूपीआय यायच्या कितीतरी आधी. पण मोबाइल मनीवर सरकारं टॅक्स पण लावतात. घानाने २०२२ च्या मे मध्ये दीड टक्क्याची ई-लेव्ही आणली, लोक प्रचंड चिडले, मग ती एक टक्का केली आणि २०२५ मध्ये काढूनच टाकली. टांझानियाने २०२१ मध्ये असाच लेव्ही लावून नंतर कमी केला. ग्राहक अचानक कमी झाले तर आधी आपल्या ॲपमध्ये दोष शोधू नका, त्या महिन्यात तिथे काय लागू झालं ते बघा.

आता डेटा. इथे रवांडा सगळ्यात कडक. त्यांच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे लोकांची वैयक्तिक माहिती रवांडातच साठवायची, बाहेर ठेवायची असेल तर तिथल्या सायबर सिक्युरिटी ऑथॉरिटीचं सर्टिफिकेट लागतं. हे नुसतं कागदावरचं आहे असं समजू नका, हा कायदा यायच्याही आधी २०१७ मध्ये तिथल्या नियामकाने एमटीएन रवांडा या मोबाइल कंपनीला ७ अब्ज रवांडा फ्रँकचा दंड केला होता, कारण तिने आपली आयटी यंत्रणा युगांडात ठेवली होती. युगांडा तर शेजारी देश, तुमचा सर्व्हर मुंबईत आहे. म्हणून किगालीच्या दवाखान्याला सॉफ्टवेअर द्यायचं असेल तर सर्व्हरचा खर्च कोटेशन द्यायच्या आधी धरा, नंतर धरला तर नफा तिथेच जातो.

केनियात २०१९ चा डेटा प्रोटेक्शन ॲक्ट आहे, डेटा कमिशनरकडे नोंदणी २०२२ पासून सुरू झाली. माहिती देशाबाहेर नेता येते, पण ती सुरक्षित राहील हे दाखवावं लागतं. दक्षिण आफ्रिकेचा पोपिया कायदा १ जुलै २०२१ पासून पूर्ण लागू आहे, तो साधारण तसाच. नायजेरियाचा २०२३ चा. सरकारी डेटा मात्र नायजेरिया देशातच ठेवायला सांगतो, त्यामुळे तिथे सरकारी शाळा किंवा सरकारी हॉस्पिटल ग्राहक असेल तर तसं आम्हाला पहिल्याच फोनवर सांगा, सगळं गणित बदलतं.

टॅक्सचं आता. केनियाची गोष्ट सांगितली की बाकीच्यांचा अंदाज येतो. १ जानेवारी २०२१ ला त्यांनी परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन कमाईवर दीड टक्का डिजिटल सर्व्हिस टॅक्स लावला. २०२४ च्या फायनान्स बिलात तो बदलायचा बेत होता, पण त्या बिलाविरुद्ध जूनमध्ये तरुण पोरं रस्त्यावर उतरली, माणसं मेली, राष्ट्राध्यक्षांनी बिल मागे घेतलं. लोकांना वाटलं विषय संपला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या कायद्यातून तोच बदल आला, डिजिटल सर्व्हिस टॅक्स गेला आणि त्याच्या जागी सिग्निफिकंट इकॉनॉमिक प्रेझेन्स टॅक्स, म्हणजे तुमचं तिथे ऑफिस नसलं तरी तुमचा धंदा तिथे आहे असं धरून लावलेला टॅक्स. हिशोब असा की एकूण विक्रीच्या १० टक्के नफा धरायचा आणि त्यावर ३० टक्के. १०,००० डॉलरची विक्री असेल तर १,००० डॉलर नफा धरला आणि ३०० डॉलर टॅक्स, खरा नफा झाला असो वा नसो. सुरुवातीला वर्षाला ५० लाख केनियन शिलिंगच्या आतल्या विक्रीला सूट होती, ती पण २०२५ च्या जुलैपासून काढली, म्हणजे आता अगदी छोटा विक्रेता पण आत आला. वर १६ टक्के व्हॅट आहेच आणि दोन्ही पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचे. ज्या कमाईवर तिथे आधीच विथहोल्डिंग टॅक्स, म्हणजे आपल्या टीडीएससारखा, कापला जातो तिला हा प्रेझेन्स टॅक्स लागत नाही, म्हणून तुमची विक्री कंपनीला आहे की थेट लोकांना आहे हे पहिलं बघावं लागतं.

असाच ऑनलाइन कमाईवरचा टॅक्स युगांडात २०२३ च्या जुलैपासून ५ टक्के, टांझानियात २०२२ च्या जुलैपासून २ टक्के, आणि दोन्हीकडे व्हॅट १८ टक्के. जुलै-जुलै का येतंय ते लक्षात आलं असेल, ह्या तिन्ही देशांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि बजेट जूनमध्ये येतं. म्हणून आम्ही दर जूनमध्ये ग्राहकांना फोन करतो, तो उचलत जा. नायजेरियात व्हॅट ७.५ टक्के आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून सगळा टॅक्स कायदाच नवीन झालाय, त्यामुळे जुन्या इनव्हॉइसची कॉपी मारू नका.

दक्षिण आफ्रिका त्या मानाने सोपी. व्हॅट १५ टक्के, नोंदणी ठराविक मर्यादेच्या वर विक्री गेली तरच, आणि १ एप्रिल २०२५ पासून तुम्ही फक्त तिथल्या व्हॅट नोंदणी असलेल्या धंद्यांनाच विकत असाल तर नोंदणीची गरज नाही. ग्राहकाचा व्हॅट नंबर मागून फाइलला लावून ठेवा, झालं.

भारताचा केनिया, युगांडा, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेशी दुहेरी टॅक्स टाळण्याचा करार आहे. केनियात तांत्रिक सेवा आणि रॉयल्टीवर एरवी २० टक्के कापतात, कराराप्रमाणे १० टक्के, पण त्यासाठी तुमचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे तुम्ही टॅक्ससाठी भारताचे रहिवासी असल्याचा दाखला, ग्राहकाकडे पेमेंटच्या आधी पोचलेलं हवं, नंतर पाठवून परतावा मागायला लागलात तर खूप वाट बघावी लागते. नायजेरियाशी आणि घानाशी असा करार नाही. तिथे कापलेल्या टॅक्सची सवलत इथल्या रिटर्नमध्ये मागता येते, पण कापल्याचं सर्टिफिकेट पाहिजेच.

काही ग्राहक म्हणतात की हे देश छोट्या माणसाला त्रास द्यायलाच असले नियम करतात. आम्हाला तसं वाटत नाही. आपण सुद्धा २०१६ ला परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के इक्वलायझेशन लेव्ही लावला होता, २०२० ला ऑनलाइन विक्रीवर २ टक्के, ते २०२४ आणि २०२५ मध्ये काढले. ज्याचं देशात ऑफिस नाही पण तिथून पैसा नेतो, त्याने काहीतरी भरावं हे म्हणणं चुकीचं नाही. खरा त्रास टक्क्यांचा नाहीच, तो प्रत्येक देशात वेगळा लॉगिन, वेगळी नोंदणी, वेगळी तारीख ह्याचा आहे, आणि तो मोठ्या कंपनीला परवडतो, चार माणसांच्या फर्मला नाही.

आफ्रिकन लोकांना स्वतःला पण हा त्रास होतो. नैरोबीतली स्टार्टअप घानात अक्राला काही विकायला गेली तर तिला पण हेच सगळं. म्हणून त्यांच्या खंडभराच्या मुक्त व्यापार करारात २०२४ च्या फेब्रुवारीत डिजिटल व्यापाराचा वेगळा प्रोटोकॉल मंजूर झालाय. डेटाबद्दलचा मालाबो करार २०१४ चा, पण पुरेशा देशांनी मान्यता देऊन तो लागू व्हायला २०२३ चा जून उजाडला, ९ वर्षं. त्यामुळे प्रोटोकॉल आलाय म्हणून यावर्षी एकच नोंदणी करून भागेल असं धरू नका. तिथे पार्टनर कंपनी काढायचा विचार असेल तर मात्र हा विषय जरूर बोलू.

अजून एक, मार्केटिंग एकाच सोशल मीडियावर ठेवू नका. नायजेरियात ट्विटर ५ जून २०२१ ते १३ जानेवारी २०२२ बंद होतं. युगांडात २०२१ च्या निवडणुकीच्या तोंडावर फेसबुक बंद झालं, आणि त्याआधी २०१८ पासून सोशल मीडिया वापरायला रोज २०० शिलिंगचा टॅक्स होता, तो जाऊन इंटरनेट डेटावर १२ टक्के आला. ऑर्डर घ्यायला स्वतःची वेबसाइट आणि ग्राहकांचे ईमेल हवेतच.

आमच्याकडे येताना ॲग्रीमेंटचा मसुदा आणा, सही न केलेला. सोबत एका कागदावर लिहून आणा की तुमचं सॉफ्टवेअर लोकांची कोणकोणती माहिती घेतं, सर्व्हर कुठल्या शहरात आहे आणि ग्राहक पैसे कुठल्या बँकेतून पाठवणार. एलयूटीची चालू वर्षाची कॉपी पण लागेल. नायजेरियाचं असेल तर तिथल्या ग्राहकाचा फोन लावून द्या, नोटॅपचं आम्ही त्यांना थेट समजावून सांगू, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.