नाव बंद, माणसं चालू: मॅकग्रेगर वंशजांच्या घरगुती आठवणींमागची पार्श्वभूमी

कॅनडा, अमेरिका, न्यूझीलंड कुठेही बघा, स्कॉटिश वंशाची अशी घरं सापडतात की ज्यांचं आडनाव ग्रांट, ब्लॅक, स्टर्लिंग, मरे असं काहीतरी असतं आणि घरातली म्हातारी माणसं सांगत आलेली असतात की आपण मुळात मॅकग्रेगर. ऐकणाऱ्याला वाटतं उगाच मोठं कूळ चिकटवून घेतलंय, पण या एका क्लॅनच्या म्हणजे स्कॉटिश कुळाच्या बाबतीत तसं एकदम म्हणून मोकळं होता येत नाही, कारण त्यांचं नाव खरोखर कायद्याने बंद केलेलं होतं, एकदा १६०३ मध्ये आणि परत १६९३ मध्ये, आणि ती बंदी कायमची उठली ती थेट १७७४ मध्ये. म्हणजे पाच-सहा पिढ्या खरं नाव कागदावर घालणं धोक्याचं, मग ते राहणार कुठे, तर घरातल्या बोलण्यात.

आता हे झालं कसं. मॅकग्रेगर मूळचे हायलँड्सच्या म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाच्या दक्षिण भागातले, ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे, पुढे ग्लेन लायन, रॅनक, बालव्हिडर या खोऱ्यांमधे पसरलेले. त्यांच्या परंपरेप्रमाणे कूळ राजा केनेथ मॅकअल्पिनच्या भावापासूनचं, आणि घोषवाक्यही 'आमचं कूळ राजाचं' अशाच अर्थाचं. कागदात पक्कं धरता येतं ते मात्र चौदाव्या शतकापासून, इयन काम म्हणजे एकाक्ष इयन हा १३९० मधे वारल्याची नोंद आहे. ती नोंद जपली कोणी, तर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला फोर्टिंगलच्या जेम्स मॅकग्रेगर या धर्मगुरूने आणि त्याच्या भावाने, ज्यांनी गेलिक कवितांचा मोठा संग्रह आणि मृत्यूंच्या नोंदी लिहून ठेवल्या. या लोकांना आपली वंशावळ सांभाळायची सवय होती हे लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येऊन घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायचे तसे त्यांच्याकडे क्लॅनचे शेनाखी असायचे, सगळं तोंडपाठ.

खरी अडचण जमिनीची. जमीन कसणारे, राखणारे मॅकग्रेगर पण राजाच्या सहीशिक्क्याचे कागद कॅम्पबेलांकडे, म्हणजे शेजारच्या बलाढ्य क्लॅनकडे. तलवारीच्या जोरावर जमीन आमची असं मॅकग्रेगर धरून चालले, आणि जमाना बदलून कागदाचा झाला. १५७० मध्ये ग्लेनऑर्कीच्या कॉलिन कॅम्पबेलने ग्लेनस्ट्रेच्या ग्रेगर मॅकग्रेगरचं डोकं उडवलं. ग्रेगरची बायको मॅरियन स्वतः कॅम्पबेलांचीच लेक, ग्लेन लायनच्या डंकनची मुलगी. तिने रचलेलं म्हणून जे विलापगीत ओळखलं जातं ते अंगाईच्या चालीवर आजही गेलिकमधे गायलं जातं, त्यात ती बाळाला झोपवतेय आणि त्याच्या बापाला मारणाऱ्या आपल्याच माहेरच्यांना शाप देतेय. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त आत लागणारी गोष्ट हीच आहे, कारण त्या मुलांचं पुढे काय झालं तेही माहीत आहे. थोरला अलास्टर क्लॅनचा प्रमुख झाला, धाकटा इयन डू. ७ फेब्रुवारी १६०३ ला लॉख लोमंड सरोवराजवळ ग्लेन फ्रूइनमधे मॅकग्रेगर आणि लसचे कोहून या दुसऱ्या क्लॅनची लढाई झाली, कोहूनांची १४० च्या आसपास माणसं पडली, आणि मॅकग्रेगरांकडून पडलेल्यात इयन डू होता.

स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर बसायच्या तयारीत. ५ एप्रिल १६०३ ला त्याने एडिंबरा सोडलं, आणि त्याच्या दोनच दिवस आधी प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, या लढाईची शिक्षा म्हणून हुकूम काढला की मॅकग्रेगर हे नाव यापुढे अस्तित्वातच नाही. अलास्टरला कॅम्पबेलांचा प्रमुख अर्ल ऑफ अर्गाइल याने सुखरूप इंग्लंडात पोचवतो असा शब्द दिला, शब्दाप्रमाणे सीमेपलीकडे नेलं आणि तिथूनच परत फिरवून आणलं. २० जानेवारी १६०४ ला एडिंबरात त्याला साथीदारांसकट फाशी दिलं.

बंदी कशी चालवली ते बघितलं की घरोघरी गोष्टी का उरल्या ते कळतं. नाव वापरलं तर जिवावर बेतायचं. जवळ हत्यार नाही, फक्त मांस कापायची टोक नसलेली सुरी चालेल. चारपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही. आसरा देणाऱ्याला दंड. पुढे तर बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला ग्रेगर नाव ठेवायलाही पाद्र्यांना मनाई. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एखाद्या मॅकग्रेगरने दुसऱ्या मॅकग्रेगरचं मुंडकं आणून दिलं तर त्याला माफी, म्हणजे भावकीतच विष कालवायचं. अशा वेळी माणसं काय करणार, ज्या जमीनदाराच्या आश्रयाला गेली त्याचं आडनाव घेतलं, म्हणून कोणी ग्रांट झालं, कोणी ड्रमंड, ग्रॅहम, स्ट्युअर्ट, आणि कित्येक जण चक्क कॅम्पबेल.

मधे १६६१ ला दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, कारण यादवीत मॅकग्रेगर राजाचा सेनापती माँट्रोज याच्याबरोबर राजाच्या बाजूने लढले होते. पण १६९३ मध्ये ती पुन्हा लागली. या क्लॅनमधला नावाजलेला बंडखोर रॉब रॉय या दोन्ही काळातला, जन्म १६७१ चा, लॉख कॅट्रिनच्या काठी ग्लेनगाइलचा, आणि बंदी परत आल्यावर तोही आईचं आडनाव लावून रॉबर्ट कॅम्पबेल म्हणून सही करायचा. १७३४ मध्ये तो वारला. आज बालव्हिडरच्या चर्चच्या आवारात त्याच्या कबरीवर 'त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर' अशा आशयाची ओळ आहे, जगभरातले वंशज तिथे जाऊन उभे राहतात.

१७७४ ला पार्लमेंटने बंदी कायमची रद्द केली. पण दीडशे वर्षं विखुरलेल्यांचा प्रमुख कोण? ८२६ जणांनी सह्या करून लॅनरिकच्या जॉन मरेंना प्रमुख मानलं, ग्लेनगाइलच्या शाखेला मात्र ते पटलं नव्हतं. हे मरे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या नोकरीत वर आलेले, म्हणजे हायलँड्समधे तुटलेलं घराणं उभं करायला हिंदुस्थानातला पैसा लागला. आणि इथे आपल्या खान्देशाचा संबंध येतो. त्यांचा मुलगा इव्हन मरे मॅकग्रेगर इंग्रज फौजेत होता. मंदसौरच्या तहात होळकरांनी सोडून दिलेल्या तापीकाठच्या थाळनेरवर २७ फेब्रुवारी १८१८ ला जनरल हिस्लॉप चालून गेला, दरवाज्यातून आत शिरलेल्या अधिकाऱ्यांवर आतल्यांनी एकदम हल्ला केला, त्यात इव्हनला तलवार उपसायच्या आत खंजिराचे वार बसले आणि मॅकग्रेगर नावाचाच एक कॅप्टन ठार झाला. त्यानंतर इंग्रजांनी जवळपास सगळी शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीरामला फाशी दिलं. स्कॉटलंडमधे या प्रसंगाची आठवण इव्हनची जखम म्हणून राहिली, थाळनेरला ती कत्तल म्हणून आहे, आणि क्लॅनचा इतिहास सांगताना ही दुसरी बाजूही सांगायलाच हवी असं मला अगदी मनापासून वाटतं, विशेषतः ज्यांच्या पूर्वजांनी स्वतः असे हुकूम सोसलेत त्यांनी तरी.

१८२२ मध्ये राजपरवानगीने घराण्याने मॅकग्रेगर नाव परत घेतलं. त्याच वर्षी चौथा जॉर्ज एडिंबरात आला तेव्हा स्कॉटलंडच्या राजमुकुटाच्या पहाऱ्याचा मान इव्हन आणि त्याच्या माणसांना मिळाला, आणि क्लॅन ग्रेगर सोसायटीही त्याच वर्षीची, जी आजही चालू आहे.

अमेरिकेतली सोसायटी १९०९ ची, त्यात मॅग्रूडर घराणं पुढे होतं. त्यांचा मूळपुरुष अलेक्झांडर सतराव्या शतकाच्या मध्याला मेरीलँडला पोचला, आणि पिढ्यान्‌पिढ्या समज असा की मॅग्रूडर हे बंदीमुळे बदललेलं मॅकग्रेगरच. पण स्कॉटलंडमधल्या पर्थशर परगण्याच्या कागदांत हे आडनाव १६०३ च्या कितीतरी आधीपासून सापडतं, मग बंदीमुळे ते घेतलं असं कसं म्हणणार. त्या घराची गोष्ट प्रामाणिकपणेच सांगितली गेली, फक्त दुसऱ्यांच्या इतिहासात मिसळून गेली.

आता डीएनए आलं. पुरुषांच्या वाय गुणसूत्राच्या चाचणीत प्रमुखाच्या घराण्याशी जुळणारा एक गट दिसतो, त्याला त्या इयन कामचंच नाव दिलंय. त्या गटात वेगवेगळ्या आडनावांची माणसं निघतात, म्हणजे त्यांच्या घरचं सांगणं खरं ठरतं, आणि उलट पिढीजात मॅकग्रेगर असलेले बरेच जण त्यात बसत नाहीत, कारण क्लॅनमधे आश्रयाने, लग्नाने, दत्तक येऊन माणसं सामील व्हायचीच. जुळलं नाही म्हणून कोणी क्लॅनबाहेरचं होत नाही, ही चाचणी फक्त बापाकडची एकच रेघ दाखवते. ज्यांना शोध घ्यायचाय त्यांनी बालव्हिडर, कॅलंडर, फोर्टिंगल या भागातली चर्चची जुनी रजिस्टरं आधी बघावीत, खास करून १७७४ च्या मागची पुढची, तिथे एकाच माणसापुढे दोन-दोन आडनावं लिहिलेली सापडतात आणि भावंडांमधेही एकाचं कॅम्पबेल तर दुसऱ्याचं मॅकग्रेगर असं असू शकतं.