टिकवलेला खेळाडू आणि टिकवलेला मार्गदर्शक

युरोपातील फुटबॉलचा हंगाम संपत आला की मोठ्या क्लबांकडून एका ठरावीक छापाच्या घोषणा होऊ लागतात. पस्तिशी ओलांडलेल्या एखाद्या खेळाडूचा करार आणखी एका वर्षाने वाढवला जातो आणि त्याच्या अनुभवाचा तरुणांना लाभ होईल, असे सांगितले जाते. चाहते सुखावतात, हिशेब पाहणारे नाक मुरडतात आणि वय झालेल्यांना किती दिवस सांभाळायचे हा जुना वाद पुन्हा सुरू होतो. या वादातले दोन्ही पक्ष बहुधा वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात, कारण एकाच मजकुराच्या घोषणेमागे दोन निरनिराळे व्यवहार असतात. एका व्यवहारात क्लब अजून सामने खेळू शकणारा माणूस ठेवून घेतो आणि त्याच्याकडून तरुण जे शिकतात ती वरची मिळकत असते. दुसऱ्या व्यवहारात त्याने फारसे खेळावे अशी अपेक्षाच नसते. सरावाच्या मैदानावर आणि ड्रेसिंग रूममध्ये त्याने असावे, यासाठीच पगार मोजला जातो. दोन्ही व्यवहार आपापल्या जागी योग्य असू शकतात, मात्र एकाची कसोटी दुसऱ्याला लावली की घोटाळा होतो, आणि तो नेहमी होतो.

हे दोन्ही व्यवहार एकाच माणसाच्या बाबतीत पाठोपाठ पाहायचे असतील तर इटलीच्या एसी मिलान क्लबकडे पाहावे. २२ डिसेंबर २०१९ रोजी इटलीतल्याच अटालांटा संघाने मिलानचा ५-० असा दारुण पराभव केला आणि त्यानंतर आठवड्याच्या आत मिलानने अडतीस वर्षांच्या झ्लाटान इब्राहिमोविच या स्वीडिश आघाडीपटूला परत आणले. संघ तरुण होता, बिचकलेला होता, आणि इब्राहिमोविच त्यांना वळण लावील असे तेव्हाही बोलले गेले. प्रत्यक्षात त्याने आधी गोल केले. २०२०-२१ च्या हंगामात साखळीतील १९ सामन्यांत त्याने १५ गोल नोंदवले आणि मिलान दुसऱ्या क्रमांकावर आला. पुढच्या हंगामात त्याच्या ८ गोलांची भर पडली आणि अकरा वर्षांनंतर मिलानने इटालियन साखळीचे विजेतेपद मिळवले. सरावात ढिलाई करणाऱ्या तरुणाला तो फटकारत असे आणि तरुण ऐकून घेत, कारण रविवारी गोल करणारा तोच होता.

विजेतेपदानंतर मे २०२२ मध्ये त्याच्या गुडघ्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढचे अनेक महिने तो खेळू शकणार नाही हे ठाऊक असूनही जुलैमध्ये क्लबने त्याच्याशी आणखी एका वर्षाचा करार केला. हा दुसऱ्या प्रकारचा व्यवहार होता. त्या हंगामात तो साखळीतील चारच सामन्यांत उतरला आणि त्याने एक गोल केला. एकेचाळिसाव्या वर्षी उदिनेसेविरुद्ध केलेल्या त्या गोलामुळे तो इटालियन साखळीतील सर्वांत वयस्कर गोलकर्ता ठरला, पण मिलान तो सामना हरला. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लबने नावांची यादी दिली तेव्हा तीत इब्राहिमोविचचे नाव नव्हते. ही स्पर्धा भरवणाऱ्या युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या मुख्य यादीत जास्तीत जास्त २५ नावे बसतात आणि त्यांतील आठ जागा स्थानिक पातळीवर घडलेल्या खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या असतात. मार्गदर्शन कितीही मोलाचे असले तरी यादीतली एक जागा त्याहून मोलाची आहे, हे मिलानने कागदावर उतरवून दाखवले. त्या निर्णयात इब्राहिमोविचचा अपमान होता असे मला वाटत नाही. उलट क्लबला आपण नेमके काय विकत घेतले आहे हे नीट समजले होते. मैदानावरच्या कामगिरीची पुण्याई काही महिने पुरते, तिच्यावर वर्षानुवर्षे निभावून नेता येत नाही.

निव्वळ मार्गदर्शक म्हणून ठेवलेल्या खेळाडूचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मँचेस्टर सिटीच्या स्कॉट कार्सनचे आहे. २०१९ मध्ये तिसरा गोलरक्षक म्हणून आलेला कार्सन २०२५ पर्यंत तेथे राहिला आणि या सहा वर्षांत त्याच्या वाट्याला दोन सामने आले. त्यातला एक मे २०२१ मधला न्यूकॅसलविरुद्धचा. साखळीचे विजेतेपद आधीच निश्चित झाले होते आणि सिटीने तो ४-३ असा जिंकला. दुसऱ्यात, मार्च २०२२ मध्ये स्पोर्टिंग लिस्बनविरुद्ध, तो उत्तरार्धात बदली म्हणून उतरला. सहा वर्षे पगार आणि दोन सामने, हा आकडा पाहून कोणीही उधळपट्टी म्हणेल, आणि पहिल्या व्यवहाराची कसोटी लावली तर ती उधळपट्टीच आहे.

परंतु गोलरक्षकांचे काम वेगळ्या पद्धतीने चालते. ते संघाच्या बराचसा बाहेर, आपल्या स्वतंत्र प्रशिक्षकाबरोबर, तिघाचौघांच्या गटात सराव करतात, आणि त्या गटात एक जरी नाराज, कुरकुरणारा माणूस असला तरी सगळ्यांचा सराव बिघडतो. मुख्य सराव संपल्यावर आघाडीपटूंना आणखी अर्धा तास फटके मारायचे असतील तर पहिल्या गोलरक्षकाला दमवून चालत नाही. तेव्हा गोलपट्टीखाली उभा राहतो तो तिसरा. शिवाय एकवीस-बावीस वर्षांच्या गोलरक्षकाला तिसऱ्या क्रमांकावर बसवून ठेवण्यापेक्षा खालच्या साखळीतल्या क्लबकडे उसना पाठवून आठवड्याला एक सामना खेळू देणे त्याच्या हिताचे असते, त्यामुळे ती जागा अडवणारा ज्येष्ठ प्रत्यक्षात कोणाच्याच वाटेत येत नाही. यात नोंदणीचाही एक धागा आहे. प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीत इंग्लंड-वेल्सबाहेर घडलेले खेळाडू १७ पर्यंतच चालतात. परदेशी खेळाडूंनी भरलेल्या क्लबला कार्सनसारखा इंग्लंडमध्ये घडलेला ज्येष्ठ त्या हिशेबात अलगद बसवता येतो. अनुभवाच्या गौरवाआड अशी रुक्ष कारणे बरीच दडलेली असतात.

मधल्या फळीत हे गणित उलटते. पॉल स्कोल्स मे २०११ मध्ये निवृत्त होऊन मँचेस्टर युनायटेडच्या प्रशिक्षकवर्गात सामील झाला होता. मधल्या फळीतले खेळाडू आजारपण आणि दुखापतींमुळे एकामागून एक बाजूला पडले, तेव्हा प्रशिक्षक सर अॅलेक्स फर्ग्युसन यांनी जानेवारी २०१२ मध्ये त्याला पुन्हा खेळाडू म्हणून नोंदवले. ८ जानेवारीला एफए चषकात मँचेस्टर सिटीविरुद्ध तो सदतिसाव्या वर्षी उत्तरार्धात मैदानात आला; युनायटेडने सामना ३-२ असा जिंकला खरा, पण सिटीच्या दुसऱ्या गोलाचे मूळ त्याच्याच एका चुकलेल्या पासमध्ये होते. त्यानंतर मात्र त्याने मधल्या फळीची लय सावरली आणि युनायटेडने शेवटच्या दिवसापर्यंत विजेतेपदासाठी झुंज दिली; ते हुकले केवळ गोलफरकाने.

याच सहा महिन्यांत पॉल पोग्बा नावाचा अठरा-एकोणीस वर्षांचा मधल्या फळीतला खेळाडू त्याच क्लबात संधीची वाट पाहत होता. तो २०१२ च्या उन्हाळ्यात इटलीच्या युव्हेंटसकडे निघून गेला आणि २०१६ मध्ये युनायटेडने त्याला ८९ दशलक्ष पौंड मोजून परत आणले. पोग्बाच्या जाण्याला कराराच्या वाटाघाटीही कारणीभूत होत्या, त्यामुळे सगळा दोष स्कोल्सच्या पुनरागमनावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही स्कोल्सकडून पोग्बा किती शिकला असता हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो, कारण शिकणाऱ्याला हवी असलेली जागा शिकवणाऱ्याकडे होती. ज्येष्ठ खेळाडूंची बाजू मांडणारे लोक हा मुद्दा सहसा टाळतात. मैदानावरची मिनिटे ठरावीक असतात. एकाने घेतलेले मिनीट दुसऱ्याला मिळत नाही.

भारतातही हीच गल्लत होते, आणि सुनील छेत्रीच्या बाबतीत ती सर्वांत ठळक दिसते. बेंगळुरू एफसीने चाळिशीच्या छेत्रीला ठेवले याचे वर्णन अनेकांनी मार्गदर्शक टिकवला असे केले. वास्तविक २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये त्याने १४ गोल केले आणि भारतीय खेळाडूंमध्ये तो सर्वांत पुढे राहिला. हा निखळ पहिला व्यवहार आहे आणि त्याचे समर्थन करायला मार्गदर्शन हा शब्दही लागत नाही. अस्वस्थ करणारी बाब पुढची आहे. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना खेळलेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय संघात परत बोलवावे लागले, आणि शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्याने लगेच गोलही केला. इतकी वर्षे त्याच्या सहवासात राहूनही त्याची जागा घेणारा तयार झाला नाही, याचे कारण शिकवण्यातली उणीव हे नव्हे. आपल्या क्लबांनी आघाडीच्या टोकाची जागा वर्षानुवर्षे परदेशी खेळाडूंना दिली आणि भारतीय तरुणांना कडेला किंवा बाकावर ठेवले. ज्याला खेळायलाच मिळत नाही त्याला चांगला गुरू मिळून फारसा फरक पडत नाही.

सुपर लीगच्या पहिल्याच हंगामात याहून वेगळा, तिसराच व्यवहार मार्गदर्शनाच्या नावाने झाला होता. २०१४ मध्ये प्रत्येक संघाने एक नामांकित परदेशी ज्येष्ठ आणला. पुण्याकडे दाव्हिद त्रेझेगे, मुंबईकडे फ्रेडी ल्युंगबर्ग, गोव्याकडे चाळिशीचा रॉबेर पिरेस, दिल्लीकडे आलेस्सांद्रो देल पिएरो. भारतीय तरुणांना जगज्जेत्यांसोबत खेळून शिकता येईल, असा प्रचार झाला. हंगाम १२ ऑक्टोबरला सुरू होऊन २० डिसेंबरला संपला. दहा आठवड्यांत, तेही प्रवास आणि सामने यांच्या धबडग्यात, कोणी कोणाला काय घडवणार? देल पिएरोने दहा सामन्यांत एक गोल केला. त्या नावांनी तिकिटे विकली गेली, टीव्हीवर लोक सामन्यांकडे वळले, आणि नव्या स्पर्धेला त्याची गरजही होती. फक्त त्याला शिक्षण म्हणणे खोटे होते.

मार्गदर्शक खेळाडू आणि खेळाडू-प्रशिक्षक यांचीही सरमिसळ होते, म्हणून तोही फरक सांगणे आवश्यक आहे. मार्गदर्शक खेळाडूच्या हातात संघनिवड नसते आणि त्यामुळेच तरुण त्याच्यापाशी मन मोकळे करतात. प्रशिक्षकाला सांगितलेली भीती पुढच्या शनिवारी अंगाशी येऊ शकते, सहकाऱ्याला सांगितलेली सहसा येत नाही. एकदा निवडीचा अधिकार हातात आला की हे नाते संपते. मँचेस्टर सिटीचा कर्णधार व्हिन्सेंट कोम्पनी २०१९ मध्ये बेल्जियमच्या आंडरलेख्त क्लबला खेळाडू-प्रशिक्षक म्हणून गेला, पण सुरुवातीचे निकाल इतके वाईट लागले की ऑगस्टमध्येच सामन्याच्या दिवसाची सूत्रे साहाय्यकाकडे सोपवून तो केवळ कर्णधार म्हणून मैदानात उतरू लागला, आणि वर्षभराने निवृत्त होऊनच त्याने पूर्णवेळ प्रशिक्षकपद घेतले. मुंबई सिटीनेही २०१५ मध्ये निकोला आनेल्काकडे दोन्ही जबाबदाऱ्या दिल्या होत्या आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला नाही. रायन गिग्जची गंमत तर अधिकच बोलकी आहे. मे २०१४ मध्ये युनायटेडचा तात्पुरता प्रशिक्षक असताना त्याने हल सिटीविरुद्ध टॉम लॉरेन्स आणि जेम्स विल्सन या दोन तरुणांना पहिली संधी दिली. विल्सनने दोन गोल केले, आणि सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास लॉरेन्सला बाहेर बोलावून गिग्ज स्वतःच आत गेला. ओल्ड ट्रॅफर्डवरचा त्याचा खेळाडू म्हणून तो शेवटचा सामना होता, प्रेक्षकांनाही तेच हवे होते, म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

ज्याला खरोखर शिकवायचे आहे त्याने खेळणे थांबवून शिकवावे, हा मार्ग अधिक सरळ आहे. गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडाने बूट ठेवले, मग एफसी गोवाच्या प्रशिक्षकवर्गात काम केले, आणि २०२० च्या सुरुवातीला मुख्य प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा यांना दूर केल्यानंतर संघाची सूत्रे सांभाळून साखळीतील अव्वल स्थान मिळवून दिले. त्या स्थानामुळे एफसी गोवा आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीसाठी पात्र ठरणारा पहिला भारतीय क्लब बनला.

राहता राहिला खेळाडूच्या मनाचा प्रश्न, आणि बहुतेक करार तेथेच फिसकटतात. रोमाचा फ्रान्चेस्को टोट्टी २०१६ मध्ये स्वतःला पहिल्या व्यवहारातला समजत होता, तर प्रशिक्षक लुचानो स्पालेत्ती त्याला तसे मानायला तयार नव्हते. फेब्रुवारीत टोट्टीने वेळ मिळत नसल्याची तक्रार टीव्हीवर केली आणि स्पालेत्तींनी त्याला सामन्यापूर्वी घरी पाठवले. एप्रिलमध्ये तोरिनोविरुद्ध रोमा १-२ असा मागे असताना शहाऐंशीव्या मिनिटाला आलेल्या टोट्टीने तीन मिनिटांत दोन गोल करून सामना जिंकून दिला, म्हणजे एका अर्थी दोघेही बरोबर होते. त्यानंतर मिळालेला वर्षभराचा करार नेमका कशासाठी आहे हे कोणी स्पष्ट केले नाही आणि तो हंगाम अवघडलेपणातच संपला.

गोलरक्षक जानलुइजी बुफोनने हेच नीट हाताळले. २०१९ मध्ये तो युव्हेंटसमध्ये परतला तेव्हा तिथला पहिला गोलरक्षक वोइचेक श्चेन्स्नीने त्याला पहिल्या क्रमांकाची जर्सी देऊ केली होती आणि त्याला कर्णधारपद देण्याचीही तयारी होती. बुफोनने दोन्ही नाकारले, ७७ क्रमांक घेतला आणि राखीव गोलरक्षक म्हणून दोन हंगाम काढले. मे २०२१ मधला इटालियन चषकाचा अंतिम सामना त्याला मिळाला आणि युव्हेंटसने तो जिंकला. मग त्रेचाळिसाव्या वर्षी त्याने ठरवले की आपल्याला अजून दर आठवड्याला खेळायचे आहे, आणि तो युव्हेंटस सोडून दुसऱ्या श्रेणीत उतरलेल्या पार्मात पहिला गोलरक्षक म्हणून गेला.