मेटल गिअर सॉलिड : नेम धरण्याच्या सोयीमागचा वाद

प्लेस्टेशनवरच्या १९९८च्या मूळ 'मेटल गिअर सॉलिड' या व्हिडिओ गेममध्ये ट्रँगलचं बटण दाबलं की नायक स्नेकच्या डोळ्यांनी बघता येतं, पण त्या नजरेतून पिस्तूल झाडता येत नाही. स्नायपर रायफल, स्टिंगर क्षेपणास्त्र अशी मोजकी शस्त्रं सोडली तर सगळा नेम वरच्या कॅमेऱ्यातून, अंदाजानेच धरायचा. २००४ साली निन्टेंडोच्या गेमक्यूब या यंत्रावर 'द ट्विन स्नेक्स' या नावाने खेळ नव्याने आला, तेव्हा ही आडकाठी काढली गेली. मूळ खरा की नवा खरा, हे भांडण तेव्हापासूनचं. बाहेरून बघणाऱ्याला ते ग्राफिक्सचं वाटतं, पण मुद्दा वेगळाच आहे.

मालिकेचा पहिला खेळ १९८७चा, एमएसएक्स२ या घरगुती संगणकावरचा. वरून मागणी होती युद्धाच्या खेळाची. पण त्या यंत्राला एका आडव्या रेषेत आठपेक्षा जास्त स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) दाखवता येत नसत. नायक, तीन-चार शत्रू आणि सगळ्यांच्या गोळ्या एका ओळीत आल्या की काहीतरी गायब व्हायचंच. मग नवख्या दिग्दर्शकाने लढाई टाळण्याचाच खेळ काढला. (लपण्याचा हा जगातला पहिला खेळ, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. १९८१ सालीच ॲपल टूवर 'कासल वोल्फेनस्टाइन' आला होता, त्यामुळे तो दावा सोडून द्यावा.) निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्रावरची आवृत्ती दुसऱ्याच चमूने घाईघाईत केली. तिच्यात शेवटी मेटल गिअर हे अण्वस्त्रवाहू चालतं यंत्र दिसतच नाही, एक महासंगणक उडवायचा असतो. नावातच ज्याचा उल्लेख, तोच गैरहजर.

१९९०चा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. सरपटणं, रडार, पहारेकऱ्याच्या नजरेचा कोन, पावलांचा आवाज, दिसल्यावर आधी धावपळ आणि मग शोधाशोध, हे सगळं त्यात आहे. पण तो फक्त जपानात निघाला आणि अधिकृत इंग्रजीत यायला २००६ उजाडलं. परिणामी १९९८चा तिसरा भाग बाकीच्या जगाला पहिला वाटला आणि दुसऱ्याचं बरंचसं श्रेय तिसऱ्याच्या खात्यावर जमा झालं. नावातल्या 'सॉलिड'नेही गोंधळ वाढवला: ते नायकाचं नाव तर आहेच, शिवाय खेळ आता त्रिमितीत आला हेही त्यात सुचवलेलं आहे.

त्रिमितीत येणं सोपं नव्हतं. चमूने नकाशे आधी लेगोच्या ठोकळ्यांनी रचले आणि कॅमेरा कुठून काय पकडेल ते तपासलं. खेळ जिथे घडतो त्या शॅडो मोझेस बेटावरच्या बर्फात स्नेकच्या पावलांचे ठसे उमटतात आणि पहारेकरी ते धरून मागे येतो. सिगारेट ओढली तर तब्येत घटते, पण धुरात इन्फ्रारेड किरण दिसतात. रडारवरचा निळा त्रिकोण म्हणजे शत्रूची नजर. तुम्ही दिसलात की रडारच बंद पडतं, म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच. 'स्टेल्थ'ला, म्हणजे लपतछपत खेळण्याला, मराठीत सरसकट गनिमी कावा म्हणतात ते मला पटत नाही. गनिमी काव्यात घाव घालून पसार व्हायचं असतं, इथे घाव न घालता निघून जाणं हेच कसब. त्याच वर्षी जपानात 'तेनचू' आणि पीसीवर 'थीफ' आला, म्हणून १९९८ हे या प्रकाराचं वर्ष मानलं जातं.

आपल्याकडे हा खेळ आला तो चिप बसवलेल्या प्लेस्टेशनवर, लॅमिंग्टन रोडवरच्या प्लास्टिकच्या पाकिटातून. मेरिल या पात्राशी रेडिओवर बोलायची फ्रिक्वेन्सी सीडीच्या डबीमागे छापलेली आहे, असं खेळ सांगायचा आणि आपल्याकडे डबीच नसायची. मग एकेक आकडा फिरवत १४०.१५पर्यंत पोचायचं.

आता २००४कडे. काम कॅनडातल्या एका स्टुडिओकडे होतं आणि यंत्रणा २००१च्या 'सन्स ऑफ लिबर्टी' या पुढच्या भागावरून घेतली होती: स्वतःच्या नजरेतून गोळीबार, गुंगीची बंदूक, कठड्याला लोंबकळणं, देह लपवायला कपाटं. पहारेकरीही रेडिओवरून कुमक मागवणारे झाले. नकाशे मात्र जवळजवळ जुनेच राहिले. ऑसेलॉट या खलनायकाशी होणारी लढत घ्या. मध्ये स्फोटकांना बांधलेला माणूस आणि त्याच्याभोवती चौकोनी पळापळ, कारण शत्रू एका रेषेत आल्याशिवाय गोळी लागायचीच नाही. नव्या आवृत्तीत एका जागी उभं राहून पलीकडे नेम धरला की काम भागतं. कोपरे, खांब, पायऱ्या जिथे होत्या तिथेच आहेत, फक्त त्यांची गरज उरलेली नाही. मला वाटतं, हे निव्वळ सोय देण्यातून झालं. वाईट हेतूने कुणी काही केलं नाही.

खेळाच्या मधे येणाऱ्या सिनेमासारख्या दृश्यांबद्दलचा राग मात्र चुकीच्या पत्त्यावर जातो. उडत्या क्षेपणास्त्रावर पाय रोवून मारलेली उडी बघून लोक कॅनडाच्या स्टुडिओला किंवा दृश्यं रचणाऱ्या जपानी सिनेदिग्दर्शकाला शिव्या घालतात. त्या सिनेदिग्दर्शकाने आधी मुळाबरहुकूमच दृश्यं केली होती. तुझ्या पद्धतीने कर, असा आग्रह मूळ खेळाच्या दिग्दर्शकाचाच होता. आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यामागे तांत्रिक कारण होतं: जुनं ध्वनिमुद्रण ध्वनिरोधक स्टुडिओतलं नव्हतं आणि गेमक्यूबवर बाहेरच्या रहदारीचा आवाजही ऐकू आला असता. त्या फेऱ्यात मेई लिंग या पात्राचा चिनी हेल आणि नाओमी या पात्राचा ब्रिटिश हेल दोन्ही गेले.

ऑक्टोबर २०२३मध्ये जुने खेळ एकत्र करून पुन्हा विकायला काढले, तेव्हा त्यात १९९८चीच आवृत्ती घेतली. 'ट्विन स्नेक्स' त्यात नाही. ती खेळायची तर आजही गेमक्यूबची जुनी डिस्क शोधावी लागते, आणि ती चालवायला गेमक्यूब किंवा त्यानंतरच्या 'वी' या निन्टेंडो यंत्राचं सुरुवातीच्या काळातलं मॉडेल.