भूमिगत एकांतवासी (अद्भुतकथांतील)

भूमिगत एकांतवासी : अद्भुतकथांच्या विश्वात गुहेत, भुयारात किंवा वारुळात एकट्याने राहणारे पात्र. पाताळातल्या प्रजेहून हे वेगळे. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ या सात लोकांत नाग, दैत्य, दानव यांची दाट वस्ती आहे. सुतलातला बळीसुद्धा आपल्या परिवारात राहतो. एकांतवासी कुठल्याच वस्तीत मोडत नाही. चुकलेला, तहानलेला किंवा पळून आलेला कुणीतरी त्याच्या दाराशी पोचतो आणि तिथून कथा सुरू होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या मराठी बोलण्यात अशा पात्रासाठी सहज येणारा शब्द म्हणजे राखणदार. तो अगदी नेमका आहे. आपल्याकडचा भूमिगत एकांतवासी बहुधा शिक्षा म्हणून खाली गेलेला नसतो, तो कशाची तरी राखण करत असतो.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे रामायणाच्या किष्किंधाकांडातली स्वयंप्रभा. तिच्याकडे आपल्या कीर्तनांत आणि गोष्टींत फार कमी लक्ष गेले आहे, याचे वाईट वाटते. सीतेच्या शोधात दक्षिणेला निघालेले वानर तहानेने व्याकूळ झालेले असताना त्यांना एका बिळातून ओल्या पंखांचे पक्षी बाहेर पडताना दिसतात. आत पाणी असणार, हे हनुमान ओळखतो. एकमेकांना धरून ते अंधारातून पुढे सरकतात, तो आत सोन्याची झाडे, तळी आणि वाडे. तिथे वल्कले व कृष्णाजिन नेसलेली एकच तापसी. हे ऋक्षबिल मयासुराने बांधले. इंद्राने त्याला मारल्यावर ब्रह्मदेवाने ते हेमा अप्सरेला दिले आणि हेमेची सखी, मेरुसावर्णीची कन्या स्वयंप्रभा ते सांभाळत राहिली. घर तिचे नाही, सोनेही तिचे नाही. ती वानरांना फळे-पाणी देते. आत आलेला जिवंत बाहेर जात नाही, असा त्या जागेचा नियम. तरी तपाच्या बळावर ती सर्वांना डोळे मिटायला लावून क्षणात बाहेर आणून सोडते. उपकाराची फेड कशी करू, असे हनुमान विचारतो, तेव्हा मला कुणाकडून काही नको, असे तिचे उत्तर असते. आणि ती पुन्हा आत जाते.

एकांताचे दुसरे कारण थकवा. देवांसाठी दीर्घकाळ लढून दमलेला मुचुकुंद राजा गुहेत झोपतो. कृष्णाचा पाठलाग करत आलेला कालयवन त्याला लाथ मारून उठवतो आणि त्याच्या दृष्टीने जळून जातो. मुचुकुंद बाहेर येतो तेव्हा त्याला माणसे, जनावरे, झाडे सगळी खुजी झालेली दिसतात. आपण झोपलो तेवढ्यात युग सरत आले, हे त्याला त्यावरून कळते. भूमीखालचा काळ वेगळ्या गतीने चालतो, ही कल्पना इतक्या थोडक्यात दुसरीकडे क्वचितच सांगितली गेली असेल.

उत्तर युरोपातल्या नॉर्स कथांचा पिंड निराळा. तिथला फाफ्निर सोन्यासाठी बापाला मारतो आणि पुढे सर्परूपाने त्याच सोन्यावर लोळत राहतो. आल्वीस हा बुटका रात्रभर प्रश्नांची उत्तरे देत बसतो, उजाडते आणि उन्हाने त्याचा दगड होतो. फाफ्निर धन आपले म्हणून धरून बसलेला आहे. स्वयंप्रभा दुसऱ्याचे धन राखते.

सीमाभागात या कल्पनेला जमिनीचाच आधार मिळाला. पूर्वेकडच्या ज्वारीच्या पट्ट्यात धान्य पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारात, साठवत. पेवाचे तोंड अरुंद, पोट मोठे. आत कडबा लावून धान्य भरायचे आणि तोंड माती-दगडांनी बंद करायचे. कोंडलेले धान्य श्वास घेते, प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. म्हणून पेव उघडले की लगेच कुणी उतरत नसे. आधी कंदील खाली सोडायचा. तो विझला, तर माणूसही जगणार नाही हे ठरलेले. आत न दिसणारा कुणीतरी जीव घेतो, हा अनुभव तिथे खराच होता. त्याला राखणदाराचे रूप द्यायला कथेला फार लांब जावे लागले नाही.

दुसरा आधार वारुळाचा. कन्नडमध्ये याला हुत्त म्हणतात. पुरलेल्या धनावर नाग बसतो, जीव धनात अडकलेला पूर्वजच नाग होऊन येतो, अशी समजूत दोन्ही भाषांच्या घरांत आहे. नागपंचमीला जमीन खणायची नाही, नांगरायची नाही, हा नियम त्याच आदरातून आलेला. खानापूरच्या घाटमाथ्याला लागून असलेल्या गोवा-सिंधुदुर्गात तर सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजली जाते. गोव्यात त्याला रोयण म्हणतात.

नव्या मराठी अद्भुतकथेत असे पात्र रचताना बहुतेक जण त्याची शक्ती ठरवतात आणि जेवण विसरतात. वाल्मीकींनी ओले पंख दाखवून पाण्याचा प्रश्न आधीच सोडवला होता. अन्नाचे उत्तर खानापूर तालुक्यातच आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत रॉटन यांच्या नावाचे मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ राहते. 1913 मध्ये त्याचे वर्णन झाले आणि पुढे कित्येक दशके जगात त्याची हीच एक जागा ठाऊक होती. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळले. सूर्यप्रकाश नसलेल्या गुहेत वनस्पती वाढत नाहीत. वटवाघळे रात्री बाहेर किडे खातात, त्यांची विष्ठा आत पडते, तिच्यावर बुरशी आणि बारीक कीटक पोसले जातात आणि त्यांच्यावर इतर जीव. म्हणजे एकांतवासी कितीही एकटा असला, तरी रोज संध्याकाळी त्याच्या दारातून कुणीतरी बाहेर गेले पाहिजे आणि पहाटेपूर्वी परत आले पाहिजे.