फॉलिक ॲसिड दिवस जाण्याआधीच का सुरू करायचे?

विदर्भातल्या खेड्यांत फॉलिक ॲसिड पोहोचले ते 'रक्तवाढीच्या लाल गोळी'तून. त्याचा इतिहासही रक्तापासूनच सुरू होतो. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणकामगार वस्तीतल्या गरोदर बायकांचा ॲनिमिया यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. त्या अर्कातले फोलेट (हे एक ब-जीवनसत्त्व; गोळीतले त्याचे रूप म्हणजे फॉलिक ॲसिड) पुढे १९४१ मध्ये पालकातून वेगळे काढले गेले. १९७० पासून सरकारी कार्यक्रमात लोहासोबत ते गरोदर बायकांना मिळू लागले. आजही लाल गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) चौथ्या महिन्यापासून रोज १८० दिवस देतात. रक्तासाठी ही वेळ बरोबर आहे.

बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी मात्र तोवर फार उशीर झालेला असतो. ज्या नळीपासून ते घडतात, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असताना. ती उघडी राहिली की मणक्यात किंवा कवटीत व्यंग येते. आधी असे बाळ झालेल्या बायकांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या अभ्यासाने पहिल्या खेपेलाही बचाव होतो हे दाखवले.

आपल्याकडे तीन महिने भरेपर्यंत वाच्यता न करण्याची रीत आहे. आशाताईकडे नाव नोंदेपर्यंत नळीचे काम संपलेले असते. म्हणून लग्न ठरले, किंवा पाळणा लांबवायचे साधन बंद करायचे ठरले, की दिवस जाण्याच्या निदान महिनाभर आधीपासून रोज फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी आणि बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्यावी. मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी या रोजच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही. दिवस आधीच गेले असतील तर आजच सुरू करा. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

मेडिकलमध्ये बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी हाती पडते. ती साडेबारापट मोठी आहे. आधी व्यंग असलेले बाळ, फिटची औषधे, मधुमेह किंवा गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात आढळणारा सिकलसेल असेल तर डॉक्टर तीच देतात. पण स्वतःहून घेऊ नये, कारण मोठ्या मात्रेने बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता झाकली जाऊ शकते.

पालक, चवळी, हरभऱ्यात फोलेट असते, पण भाजी उकळून पाणी फेकले की बरेचसे वाहून जाते. भाजी रोज खावीच, गोळी मात्र त्यामुळे सोडू नये.